कावेरीला पाणी आलं, तेव्हा मी गोलात होतो

बाकी काही सांगण्याआधी माणकोजीराव तात्यांचं नाव घेतो. कुंभकोणमच्या स्टेशनावर मला ओळखून हाताला धरलं ते त्यांनी, ओसरीवर अंथरूण घालून दिलं ते त्यांनी, आणि मोसम सुरू होऊन महिना होतो न होतो तोच माझी परत पाठवणी ठरली होती, ती अडवली तीही त्यांनीच. कोल्हापुरात परतल्यापासून तालमीतली मंडळी रोज विचारतात, "शंकर, तिकडं किती गोल अडवलेस?" मी म्हणतो, आधी तात्या कोण ते ऐका, मग गोलाचं बोलू.

माझी शाळा इंग्रजी दुसरीत सुटली. वडील वारले आणि मी सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला बसलो. त्यामुळं लिहिताना हात चाचरतो, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं. पण आमच्या गल्लीतलं कुणी एवढ्या खाली दक्षिणेत गेलं नव्हतं, आणि पहिल्या वर्गाच्या लीगमध्ये तर नव्हतंच नव्हतं. तेव्हा लिहायला हवं असं वाटलं.

झालं असं, की बेळगावच्या सामन्यांत मी गोली होतो. समया विकायला आलेले कुंभकोणमचे एक चेट्टियार खेळ बघत होते. त्यांचा पितळी समयांचा मोठा व्यापार, आणि त्याहून मोठा नाद फुटबॉलचा. त्यांच्या क्लबाला तिकडं सगळे 'विळक्कु टीम' म्हणतात, म्हणजे दिवेवाले. त्यांचा गोली लग्न करून सिलोनला निघून गेला होता. त्यांनी मला एका मोसमासाठी मागितलं. तिकडं खेळण्याचा पगार असं कुणी उघड म्हणत नाही. आम्ही सगळे कागदावर चेट्टियारांचे नोकर, कुणी दुकानात, कुणी कारखान्यात. माझं काम सकाळी समया पुसायच्या आणि संध्याकाळी गोल राखायचा. आई म्हणाली, "जा, पण जपून." जपून म्हणजे कशापासून ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

तात्यांची ओसरी

स्टेशनावर उतरलो तर आजूबाजूला एक शब्द कळेना. घाबरून ट्रंकेवरच बसून राहिलो. तेवढ्यात कपाळाला गंध लावलेले, काळेसावळे, उंच गृहस्थ समोर येऊन उभे राहिले.

"शंकर कीं? प्रवास बरा जाहला?"

मी रडायचाच राहिलो. मराठीच, पण आपल्याकडं जुन्या कागदात वाचायला मिळते तशी, आणि तोंडात तमिळ घोळवून बोललेली. तात्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरला आले, ते तिकडचेच झाले. आता राज्य इंग्रजांचं. तात्या चेट्टियारांच्या पेढीवर माल तपासतात आणि संध्याकाळी क्लबाची मालिश, पट्ट्या, सराव सगळं बघतात. घरात विठ्ठल आहे, रात्री भजन असतं, आणि दाराबाहेर पडल्याबरोबर तोंडात तमिळ. माझं बोलणं ऐकून त्यांच्या पत्नी, कृष्णाअक्का, पदर तोंडाला लावून हसायच्या.

"हा कैसा बोलतो? जणूं घाई आहे कुठें जाण्याची."

पहिल्याच दिवशी एक घोटाळा झाला. माझी सायकलवाल्याची खोड, म्हणून क्लबाचा बॉल ब्लॅडर बघायला घरात आणला आणि देवघराच्या उंबऱ्याशी टेकवून ठेवला. अक्का स्वयंपाकघरातून आल्या, बॉल बघितला आणि जागच्या जागी थांबल्या.

"हे चामडं."

"हो, अक्का."

"येथें विठोबा."

बॉलची रवानगी गोठ्यातल्या खुंटीवर झाली, माझी विहिरीवर. त्या दिवसापासून नियम झाला: खेळून आलो की आधी अंघोळ, मग उंबरा. हेडरही मारला असेल तर डोक्यावरून. मी गोली, हेडर कशाला मारतोय? पण अक्का रोज विचारायच्या, "शिरास लागलें?" मी नाही म्हणालो तरी घागर डोक्यावरूनच.

जेवणाचं काय सांगू. भात सांबाराशी, पुन्हा भात रसमशी, पुन्हा भात ताकाशी. मला वाटलं पहिला भात संपला की पोळी येईल, म्हणून पहिल्या दिवशी जागा राखून बसलो आणि उपाशी उठलो. तांबडा रस्सा तर स्वप्नातच. कॉफी मात्र अशी, की पितळी वाटी-पेल्यातून उंचावरून ओतलेली ती फेसाळ कॉफी आठवली की आमच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याची कीव येते. त्याला हे सांगितलं नाही अजून.

नाचियारकोविल

टीममधले पाचसहा जण नाचियारकोविलच्या कारखान्यात ओतकाम करतात. गाव कुंभकोणमपासून जवळच, चहूकडं भातखाचरं. एकदा तात्या मला तिथं घेऊन गेले. कावेरीची बारीक माती चाळून साच्यात दाबतात, वर वितळलेलं पितळ ओततात. आमचा कॅप्टन मुत्तु आणि त्याचा जोडीदार, दोघे बॅक, मुशीचे चिमटे दोन्हीकडून धरून अनवाणी चालत आले. त्या लालभडक रसाच्या उजेडात त्यांचे चेहरे दिसत होते. सगळ्या कारखान्यात कुणी चकार शब्द काढला नाही. एकाचं पाऊल पडलं की दुसऱ्याचं पडायचं. ओतून झाल्यावर मुत्तुनं कपाळ पुसलं आणि मला डोळा मारला.

आमची टीम अनवाणीच खेळते. घोट्याला नुसती पट्टी. बूट घातलेल्या टीमा आल्या की लोक काळजी करतात. मी त्या दिवसापासून सोडून दिली. वितळलेलं पितळ घेऊन अनवाणी चालणारा माणूस बुटाला काय भिणार?

मदुरै

भ्यायलो तो मीच. मदुरैला पहिली बाहेरची मॅच. एवढी माणसं मी जत्रेतसुद्धा बघितली नव्हती. कोल्हापुरात आमची रीत अशी की गोलीनं ओरडून ओरडून बॅकला जागेवर ठेवायचं. मी ओरडत राहिलो, आणि मुत्तु आणि त्याचा जोडीदार कारखान्यातल्यासारखे गप्प. मी पुढं आलो की तेही त्याच बॉलवर. तिघे आपटून पडायचो आणि बॉल मागं जाळीत. पाच गोल झाले. पाचव्यानंतर प्रेक्षकांतून कुणीतरी केळ्याची साल माझ्याकडं टाकली, तीही नीट नेम धरून.

परतल्यावर चेट्टियारांनी पेढीवर बोलावलं. ते चांगले माणूस, आवाज चढवला नाही. त्यानंच जास्त लागलं. व्यापारात शिकलेल्या मोडक्या मराठीत, धाकट्या भावाला म्हणतात तसं 'तंबी' म्हणून बोलले.

"तंबी, तुझी हवा इकडच्या हवेशी जमत नाही. गाडीची व्यवस्था करतो."

मी मान खाली घालून उभा. आई कोणाकोणाला काय सांगून बसली असेल ते डोळ्यांपुढं आलं. तात्या माल बघत होते, तसेच उठून आले आणि तमिळमध्ये काही बोलले. तिथंच असलेल्या मुत्तुनं मला नंतर, थोडी तमिळ कळू लागल्यावर, सांगितलं. ते म्हणाले होते, "पोराचा दोष नाही, त्याला पडायला भीती वाटते. ती मी काढतो. नाही निघाली तर त्याच्याबरोबर मलाही मैदानावर येऊ नको म्हणा."

चेट्टियार हसून म्हणाले म्हणे, "तुम्ही नाही आलात तर घोटे कोण चोळणार?" आणि मी राहिलो.

कोरडी कावेरी

पडायला भीती हे खरं होतं. आमचं मैदान मुरमाचं, उडी मारली की कोपराची सालटी निघतात. लहानपणापासून मी पडण्याआधी क्षणभर थांबायचो, आणि तेवढ्यात बॉल जायचा. मला स्वतःला कळलं नव्हतं, तात्यांना एका मॅचमध्ये कळलं.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे ते मला नदीत घेऊन जायचे. नदीत म्हणजे वाळूत. उन्हाळ्यात कावेरी पार कोरडी असते, या घाटापासून त्या घाटापर्यंत पांढरी वाळू. आपली पंचगंगा आटली तरी डोहात पाणी असतं, इथं झरे खणून पाणी काढतात. तात्या धोतर खोचून बॉल फेकायचे आणि मी वाळूत उड्या घ्यायचो. लागत नाही म्हटल्यावर अंग आपोआप सैल झालं. काही दिवसांनी मुत्तु आणि त्याचा जोडीदारही येऊ लागले. मी ओरडणं बंद केलं. खांद्याला हात लावला की मुत्तु बाजूला, असं ठरलं. कारखान्यात त्यांचं तसंच चालतं.

"शाबास," तात्या म्हणायचे. "आतां बॉल तुला शोधत येतो."

आणि मग आम्ही जिंकू लागलो. तिरुचिरापल्लीवाल्यांना घरी हरवलं, मदुरैवाल्यांना शून्यावर रोखलं. त्या दिवशी बाजारातल्या पानवाल्यानं कोवळ्या पानांची जुडी माझ्या हातात दिली आणि पैसे घेईना. मी पान खात नाही, पण ती जुडी छातीशी धरून घरी आणली. अक्कांनी विठ्ठलापुढं ठेवली.

जूनमध्ये वरच्या धरणाचं पाणी सोडल्याची बातमी आली आणि गावाचं बोलणं एकदम बदललं. न्हाव्याकडं, देवळात, कॉफीच्या दुकानात एकच विषय: पाणी कुठवर आलं? सायकलवाले वरच्या गावांकडून बातम्या आणायचे. खाचरं तडकून पडली होती, बी तयार होतं. तात्या म्हणाले, "पाणी येतें तेव्हां आम्ही सामोरें जातों. पाहुणी जशी." मी हो म्हणालो. मला वाटलं, हार घेऊन कुणी चार मोठी माणसं जात असतील.

शेवटची मॅच

एवढं करूनही सुरुवातीच्या हारींनी आम्हाला तळाशी ठेवलं होतं. लीगचा नियम असा, की सगळ्यांत शेवटचा क्लब दुसऱ्या वर्गात जातो. शेवटून दुसरे आम्ही, शेवटचे नागपट्टणवाले, आणि शेवटची मॅच आमच्याच मैदानावर त्यांच्याशी. आम्हाला बरोबरी पुरे होती, त्यांना जिंकणं भाग होतं. चेट्टियारांनी स्वच्छ सांगितलं होतं, खाली गेलो तर क्लब बंद. दुसऱ्या वर्गासाठी बाहेरचा गोली कोण ठेवणार? आणि मुत्तुसारख्या ओतकाम्याला पहिल्या वर्गाच्या मैदानावर पुन्हा कोण बोलावणार?

मैदानाला लागून नारळाची बाग, बागेपलीकडं नदी. गाव लोटलं होतं. आमच्या इनसाइड लेफ्टनं पहिल्या हाफमध्ये गोल केला. दुसऱ्यात त्यांच्या सेंटर फॉरवर्डनं हेडरनं फेडला. तो जोसेफ, बेंगळूरचा, माझ्यासारखाच मोसमापुरता आणलेला, सगळ्या मैदानात बूट घातलेला तो एकटा. एकास एक.

खेळ संपायला थोडाच वेळ राहिला असेल. बागेकडून आरोळी आली. आधी एक, मग शंभर. "तण्णी वंदाच्चु!" पाणी आलं.

मी जन्मात असं काही बघितलं नाही. सगळं मैदान उठलं आणि बागेत शिरलं. म्हातारे, बायका, कडेवरची मुलं, शेंगदाणे विकणारा टोपलीसकट. आमच्या हाफबॅकच्या पायात बॉल होता, त्यानं तो तसाच सोडला आणि पळाला. लाइन्समन झेंडे घेऊन पळाले. मला वाटलं निदान नागपट्टणवाले थांबतील. तेही पळाले. त्यांचं गाव नदीच्या शेपटाशी, त्यांना तर पाण्याची आमच्याहून जास्त वाट बघावी लागते. मुत्तु माझ्या जवळून जाताना ओरडला, "शंकर, ये, ये!" आणि गेलासुद्धा.

मी गोल सोडला नाही. शिट्टी वाजली नव्हती. मैदानावर आम्ही तिघे उरलो: मी, रेफरी आणि जोसेफ. सोडलेला बॉल गडगडत जोसेफच्याच पायाशी जाऊन थांबला होता.

खेळ चालू आहे का, असं त्यानं रेफरीला विचारलं. रेफरी तिरुचिरापल्लीचे एक शाळामास्तर, फार शिस्तीचे. नदीकडं मान वळवून उभे होते. घड्याळ बघून म्हणाले, "मी खेळ थांबवलेला नाही."

जोसेफ बॉल हळूहळू ढकलत माझ्याकडं आला. कानडी आम्हा दोघांना कळायची.

"हे सगळे गेले कुठं?"

"नदीला पाणी आलंय म्हणे."

"त्यासाठी मॅच टाकून?"

"मलाही नवीनच आहे, बाबा."

त्यानं बॉल बुटाखाली दाबून धरला. वाईट माणूस नव्हता. "क्लब खाली गेला तर मालक मला बेंगळूरला पाठवणार आहे."

"माझंही तेच आहे."

"शिट्टी खरंच वाजली नाही ना?"

वाजली म्हणालो असतो तर तो कदाचित थांबलाही असता. तसं म्हणायचा मोह झाला, हे कबूल करतो. पण खोटं बोलून राखलेला गोल घेऊन वाळूतल्या त्या पहाटांना काय उत्तर देणार होतो?

"नाही वाजली," मी म्हणालो. "ये."

तो मागं गेला, बॉल घेऊन वळला. तेवढ्यात माझ्या मागं, जाळीपलीकडं, कुणीतरी धापा टाकत बसल्याचं कळलं. तात्या. हातात घरचा तांब्या. ते बागेच्या तोंडाशी पोचले होते आणि तिथून परत फिरले होते.

"तात्या, तुम्ही जा. पाणी—"

"गप. पुढें बघ. मी येथें आहे."

जोसेफ सुटला. समोर कुणी नाही, बाजूला कुणी नाही, अख्खं अर्धं मैदान त्याचं. मी रेषा सोडून पुढं गेलो. तो डावीकडं झुकला, मी झुकलो नाही. उजवीकडं गेला. बॉल त्याच्या बुटापासून वीतभर सुटला आणि मी पडलो. थांबलो नाही, सरळ पडलो. खाली वाळू आहे की मुरूम ते त्या क्षणी अंगाला आठवलंच नाही. बूट उजव्या हातावर आला, बोटात काहीतरी कडकन झालं, पण बॉल पोटाखाली होता.

जोसेफ माझ्यावरून पुढं जाऊन पडला. उठला, धूळ झटकली. रेफरी जवळ येऊन म्हणाले, "बॉल खेळात आण." मी उठून जीव खाऊन लाथ घातली. बॉल पार पलीकडच्या, रिकाम्या गोलाच्या बाजूला रेषेबाहेर गेला. जोसेफनं तिकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आता तो आणायलाही मीच जायचं?"

"दुसरं आहे कोण?"

तो हसत सुटला आणि खरंच आणायला गेला. तोवर बागेतून लोक परत येऊ लागले. दोन्ही टीमांचे पाय गुडघ्यापर्यंत ओले, केसांत फुलांच्या पाकळ्या, कपाळाला हळद. मुत्तु माझ्या खांद्यावर ओला हात मारून म्हणाला, "आला का नाहीस? केवढं पाणी, माहीत आहे?" सगळे आपापल्या जागी उभे राहिले, थोडा खेळ झाला आणि रेफरींनी शिट्टी वाजवली. एकास एक. आम्ही पहिल्या वर्गात राहिलो.

मुत्तुला लोकांनी खांद्यावर घेतलं. चेट्टियार डोळे पुसत सांगत होते, "कावेरी अम्मानं राखलं." सगळं गाव तेच म्हणत होतं, आणि कुणी तर माझ्या गोलाच्या खांबाला फुलं वाहून गेलं. मी ती फुलं तशीच राहू दिली. मला वाईट वाटलं नाही. त्या टीमचा मी गोली होतो, ती टीम पहिल्या वर्गात होती, आणि ते कशानं झालं हे मला माहीत होतं. छाती एवढी भरून आली होती की बोटाचा ठणका घरी पोचेपर्यंत कळला नाही. जोसेफ जाताना शोधत आला आणि माझा डावा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला.

अंघोळ करून उंबऱ्याशी आलो तेव्हा अक्का नवी वस्त्रं नेसून देवघरात बसल्या होत्या. विठ्ठलापुढं पाट, पाटावर रिकामी जागा. तात्यांनी तांब्या खाली ठेवला. अक्कांनी आत बघितलं.

"रिकामा?"

"हां."

"पहिलें पाणी?"

"पोर एकटा होता."

तात्यांच्या घरात बापआजांपासून रीत आहे. नवं पाणी घाटाला लागतं त्या घटकेला घरातल्या कर्त्यानं नदीत उतरायचं आणि तेच पाणी आणून विठ्ठलाला स्नान घालायचं. तात्या पोर असल्यापासून वडिलांचा हात धरून जायचे, वडील गेल्यावर स्वतः. हे मला त्या क्षणी कळलं.

"नेम चुकला," अक्का हळूच म्हणाल्या.

"चुकला नाहीं. मी चुकविला," तात्या म्हणाले. "विठोबा मजवर रुसेल तर रुसो. मी समजावीन."

मी तिथंच उभा, ओल्या केसांनी. अक्कांनी माझा सुजलेला हात बघितला. उजवा कामातून गेलेला, डाव्यानं जेवण्याची तिकडं सोय नाही. त्या आत गेल्या, सांबारभात कालवून आणला, माझ्या समोर बसल्या आणि लहान मुलाला भरवतात तसे एकेक घास देऊ लागल्या.

"खा," म्हणाल्या. "आज शिरास लागलें?"

"नाही अक्का. पोटास."

त्या हसल्या, आणि तात्याही हसले. मग तांब्या घेऊन नदीवर गेले. पाणी होतंच, घाट भरून वाहत होतं. पण गावानं त्यात केव्हाच पाय धुतले होते.

बोट जुळलं, थोडं वाकडं. चेट्टियारांनी पुढच्या मोसमाचं बोलावणं पाठवलंय आणि मी जाणार आहे. तात्यांनी माझ्यासाठी जे टाकलं ते कुठल्या दुकानात मिळत नाही, म्हणून एवढंच लिहून ठेवतो: ज्या दिवशी पुन्हा पाणी येईल, त्या दिवशी मी तात्यांचा हात धरून गर्दीच्या पुढं घाटाच्या शेवटच्या पायरीवर त्यांना उभं करणार, आणि पाणी त्यांच्या पायाला लागेपर्यंत कुणाला पुढं येऊ देणार नाही. त्या वेळी मॅच चालू असली, शिट्टी वाजलेली नसली आणि बॉल समोरच्याच्या पायात असला, तरी गोल उघडा टाकून मी जाणार.